मिनिमलिझम कुठे ठेवू?

परवा माझ्या माउसने मला पासवर्ड विचारला.

झालं असं, की सकाळपासून त्याचं चाक उलटं चालत होतं. पान वर न्यावं तर खाली जायचं. दुरुस्त करायला गेलो तेव्हा कळलं, की माउसला हल्ली स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. ते उतरवून घेतलं. त्याने अटी आणि शर्ती मान्य करायला लावल्या, ईमेल मागितला, त्या ईमेलवर ओटीपी पाठवला, पासवर्डात एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह नाही म्हणून मला माघारी धाडलं आणि शेवटी नम्रपणे विचारलं, "आपल्या माउससाठी एआय साहाय्यक सुरू करायचा का?" मी 'नको'वर क्लिक करायला गेलो, तर बाण हलेना. माउस अपडेट होत होता.

"ज्याचं काम सरकायचं आणि क्लिक करायचं एवढंच, त्याला अकाउंट कशाला हवं?" मी ओरडलो.

"तूही दिवसभर तेच करतोस," बायको म्हणाली. "तुला आहे की अकाउंट."

मी प्रोग्रामर आहे. म्हणजे लोकांच्या माउसला पासवर्ड विचारायला लावणाऱ्या बिरादरीतलाच. पण या बिरादरीतही एक वारकरी पंथ आहे. सॉफ्टवेअर कसं लहान, सडपातळ, निर्व्यसनी असावं असं मानणारा. मी त्या पंथात आहे. आमचे संत म्हणजे निक्लाउस विर्थ. १९७० साली पास्कल ही भाषा देणारे. त्यांनी १९९५ मध्येच लेख लिहून कळवळून सांगितलं होतं, की बाबांनो, सॉफ्टवेअर बारीक करा. हार्डवेअर ज्या वेगाने सुधारतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होतं, हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे १९९५ सालचं गाऱ्हाणं, बरं का! तेव्हा विंडोज ९५ चार एमबी रॅममध्ये, कुंथत का होईना, उभं राहायचं. आज माझ्या लॅपटॉपला सोळा जीबी रॅम आहे आणि ऑफिसच्या गप्पांचं ॲप उघडलं की पंखा सुरू होतो. कारण त्या ॲपच्या पोटात एक अख्खा ब्राउझर आहे. टिपणं काढायच्या ॲपच्या पोटात दुसरा. गाण्यांच्या ॲपच्या पोटात तिसरा. आणि हे सगळं वापरता वापरता माहिती शोधायला मी जो उघडतो, तो चौथा.

आमच्या पंथात कुठलाही विषय निघो, दहाव्या मिनिटाला माणूस चंद्रावर पोचतो. १९६९ साली अपोलो यानात जो संगणक होता, त्याची बदलता येणारी मेमरी होती साधारण चार केबी, आणि कायमची बहात्तरच्या आसपास. तेवढ्यात माणसं चंद्रावर उतरली आणि परतही आली. मी हे मावसभावाच्या मुलाच्या मुंजीत शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांना सविस्तर सांगितलं. मी चंद्रावरून परतेपर्यंत जिलबी पुढच्या पंगतीला गेली होती.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चंद्रावर गेलेल्यांना यूपीआय करायचं नव्हतं."

आईला मात्र विषय आवडला. त्याचं कारण वेगळं. त्या संगणकाची कायमची मेमरी अक्षरशः विणलेली होती. तांब्याची बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवायची. कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. कारखान्यात बायका बसून हे विणायच्या आणि इंजिनिअर मंडळी त्या मेमरीला आपसात 'म्हाताऱ्या बायांची मेमरी' म्हणायची.

"म्हणजे विणकामच की," आई म्हणाली. "आणि टाका चुकला तर?"

"तर यान भलतीकडे जाईल."

"छे. तेवढंच उसवायचं."

त्या दिवसापासून आई मला समव्यवसायी समजते.

तर, माउसप्रकरणानंतर मी ठरवलं, की घरचा लॅपटॉप शुद्ध करायचा. भारंभार बटणांची, सावल्या पाडणाऱ्या खिडक्यांची प्रणाली काढून टाकली आणि डीडब्ल्यूएम नावाचा खिडक्या मांडणारा प्रोग्राम बसवला. याच्या कर्त्यांनी दोन हजार ओळींच्या वर जायचं नाही असा पण केलाय. सेटिंगचं पान वगैरे भानगड नाही. रंग बदलायचा असेल तर प्रोग्रामच्या सी भाषेतल्या मजकुरात जाऊन बदलायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. त्यामुळे वापरणारे मोजके आणि निवडक राहतात, भाबडे प्रश्न विचारणारे नवखे येत नाहीत, असं त्यांनी अभिमानाने लिहूनही ठेवलंय.

माझ्या बायकोने ते वाचलेलं नव्हतं. तिने येऊन भाबडा प्रश्न विचारला, "स्टार्ट कुठाय?"

"स्टार्ट नसतं यात."

"मग सुरू कसं होतं?"

"ऑल्ट, शिफ्ट, एंटर."

तिने दाबलं. काळी चौकट आली.

"हे काय?"

"टर्मिनल."

"मला विजेचं बिल छापायचंय."

"छापता येतं की! फक्त आधी प्रिंटरचं एक छोटं पॅकेज कंपाइल करू. पाच मिनिटं."

ती खाली झेरॉक्सवाल्याकडे गेली, बिल छापलं, शेजारून कोथिंबीर घेतली, वाटेत भेटलेल्या मैत्रिणीशी तिच्या सुनेबद्दल बोलून झालं आणि परत आली, तेव्हा मी तिसऱ्या पॅकेजपाशी होतो. दुसऱ्या पॅकेजला ते आधी हवं होतं. झेरॉक्सवाल्याकडे विंडोज ७ आहे आणि त्याबद्दल त्याचं काही मत नाही.

"कोथिंबीर वीस रुपये झाली," ती म्हणाली. "तुझं?"

मजकूर लिहायला मी विम वापरतो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये दिलेला हा एडिटर. त्याची ख्याती अशी, की आत शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. यातून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांवर वेळा पाहिला गेला होता. त्यातली काही मंडळी अजून आतच असावीत. पण आमच्या पंथातले कट्टर लोक विमलाही उधळपट्टी समजतात. ते वापरतात एड. केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या जन्माच्या वेळी लिहिलेला. त्यात काहीही चुकलं, तरी तो एकच उत्तर देतो: प्रश्नचिन्ह. बस्स. पूर्वी बँकेच्या खिडकीतून आपली स्लिप परत यायची आणि तिच्यावर काय चुकलंय ते आपणच शोधायचं असायचं, तसं. मी एकदा एडमध्ये पत्र लिहायला बसलो. समोर प्रश्नचिन्हांचा ढीग जमला. मागून बायको वाचत होती.

"मलाही हेच विचारायचंय," ती म्हणाली.

सॉफ्टवेअर शुद्ध झालं, पण यंत्र नवंच होतं. शुद्ध सॉफ्टवेअरला शुद्ध यंत्र हवं, असं मला वाटू लागलं, आणि एका रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. शिवणयंत्राच्या पायट्या, पितळी कुलपं आणि एका पायाचे बूट यांच्यामध्ये तो बसला होता. पिवळट पडलेला, पेंटियम, शेजारी पाठीमागे फूटभर पोट असलेला मॉनिटर.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"साहेब, चालू असता तर इथं असता का?"

या प्रामाणिकपणावर मी भाळलो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नवीन घेतलात?"

"हो."

"नोकरीचं सगळं ठीक आहे ना?"

काकांना काय कळणार! या यंत्रात माझं बालपण होतं. शाळेत संगणक पहिल्यांदा आला तेव्हाची गोष्ट. १९८४ मध्ये सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक दिले होते. ३२ केबी मेमरी. त्या वेळी आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत साधा टेबलफॅनही कुरकुरत चालायचा, पण संगणकाच्या खोलीला एसी होता. दाराबाहेर चपलांची रांग. हात धुऊन, पाय पुसून आत जायचं. शिपाईमामा दारात उभे राहून मोजे तपासत.

"मामा, चपला का काढायच्या?"

"व्हायरस येतो."

आम्ही ते मुकाट्याने मान्य केलं. आत गेल्यावर दोन तास थंड हवेत मांडी घालून आम्ही पडद्यावरचं एक कासव चौकोनात फिरवायचो. आजची पोरं एआयकडून अख्खी दुकानं उभी करून घेतात, पण त्यातल्या एकालाही ते कासव कोपऱ्यावर वळताना बघून जे वाटायचं ते वाटत नसणार. असं मी मुलाला सांगितलं. "बाबा, कासव वळायचं, एवढंच?" त्याने विचारलं. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हा सुपर मारिओ खेळणारा मुलगा. १९८५ चा तो अख्खा खेळ ४० केबीत मावला होता, आणि त्याच मारिओचा वाढदिवसाच्या केकवरचा जो फोटो याने सगळ्यांना पाठवला, तो त्या खेळाच्या कित्येक पट मोठा होता.

तर पेंटियम. आठवडाभर धूळ झटकून, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून तो सुरू झाला. पडद्यावर पहिलं वाक्य आलं: कीबोर्ड जोडलेला नाही, पुढे जायला एफ-१ दाबा. हा विनोद त्याने तीस वर्षं जपून ठेवला होता. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे तारीख १ जानेवारी १९८०. रोज सकाळी सुरू केला, की पुन्हा १ जानेवारी १९८०. मला ते बरं वाटायचं. त्या दिवशी मला कुठलीही डेडलाइन नव्हती.

त्यावर मी वर्डस्टार चढवला. बायकोला म्हटलं, "'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन अजूनही डॉसवरच्या वर्डस्टारमध्येच लिहितात. इंटरनेट नाही, सूचना नाहीत, काही नाही. नुसती एकाग्रता."

"२०११ पासून पुढचं पुस्तक आलेलं नाही त्यांचं," ती म्हणाली.

पण खरा प्रश्न जोडणीचा निघाला. पेंटियममधला मजकूर बाहेर काढायला फ्लॉपी. फ्लॉपी नव्या लॅपटॉपला लावायला यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह. लॅपटॉपला मोठं यूएसबीचं भोकच नाही, म्हणून त्याला डाँगल. मॉनिटरची वायर नव्या टीव्हीला लावायला एक कन्व्हर्टर, त्या कन्व्हर्टरला वीज द्यायला एक चार्जर. सुटे भाग हवेत म्हणून दुसरा एक मेलेला पेंटियम. दुसऱ्याचा पॉवर सप्लाय चांगला निघाला म्हणून त्याच्यासाठी तिसरा. सीडी ड्राइव्ह. चिकटलेला एक प्रिंटर, जो कुणी फुकट देत होतं आणि का देत होतं ते घरी आणल्यावर कळलं. आधी एक खण भरला. मग कपाटाचा खालचा कप्पा. मग पाहुण्यांच्या खोलीतला दिवाण उचलला तर खाली कॅथोड ट्यूब.

दिवाळीच्या आवराआवरीत बायको हातात वायरींचं एक भेंडोळं घेऊन उभी राहिली.

"हा तुझा मिनिमलिझम कुठे ठेवू?"

मी म्हटलं, माळ्यावर. माळ्यावर जागा नव्हती. तिथे तिचे कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले आइस्क्रीमचे रिकामे डबे होते. त्या मुद्द्यावर आम्ही दोघांनीही तह केला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

घरी असं चाललेलं असताना ऑफिसात एआय आला. मॅनेजर म्हणाले, यापुढे कोड हाताने लिहायचा नाही, सांगून करून घ्यायचा. माझ्या शेजारी बसणारी मुलगी कॉलेजातून नुकतीच आलेली. तिला मी कळकळीने २०१६ सालची कथा सांगितली. एखाद्या शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा अकरा ओळींचा फुटकळ प्रोग्राम. त्याच्या कर्त्याने रागाच्या भरात तो काढून घेतला, आणि त्याच्यावर विसंबलेले जगभरचे हजारो प्रकल्प बसले. म्हणून अकरा ओळी स्वतः लिहाव्यात.

"पण सर," ती म्हणाली, "एआयने तर चारशे ओळी लिहून दिल्या. आता कुणी काढून घेतल्या तरी आपल्याकडे भरपूर आहेत."

मग मीही बसलो. मला हवं होतं इतकंच, की अमेरिकन पद्धतीची तारीख आपल्या पद्धतीने दिसावी. महिना मागे, दिवस पुढे. एआयने डझनभर फायली दिल्या. त्यातल्या एकीत माझं अभिनंदन होतं आणि रॉकेटचं चित्र.

"एवढं नको. साधं कर."

"तुमचं अगदी बरोबर आहे! साधेपणा फार महत्त्वाचा. साधेपणाची काळजी घेणारं एक स्वतंत्र मॉड्यूल मी आता जोडतो."

"मॉड्यूल नको. कमी कर."

"उत्तम सूचना! कमी केलं."

त्याने चाचण्या काढून टाकल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'आता एकही चाचणी नापास होत नाही.'

मी चिडलो, पण उठलो नाही. लग्नानंतर 'तुमचं अगदी बरोबर आहे' हे वाक्य मला उद्देशून कुणी उच्चारलेलं नव्हतं. त्यामुळे तारीख सरळ झाल्यावरही मी उगाच आणखी काही विचारत बसलो. पावसाबद्दल माझं मत बरोबर निघालं. पुण्यातल्या वाहतुकीबद्दल तर फारच मार्मिक होतं.

घरी आईनेही फोनमधल्या एआयशी बोलायला सुरुवात केली होती. गुडघा, भिशी, शेजारणीच्या लोणच्याला बुरशी का येते, सगळं. मी तिला सावध करावं म्हणून एलायझाची गोष्ट सांगितली. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी हा प्रोग्राम लिहिला. तो डॉक्टर असल्याचं सोंग करायचा आणि माणसाचंच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारायचा. समजत काहीच नव्हतं त्याला. पण वायझेनबाउम यांची सेक्रेटरी, जिने हे सगळं तयार होताना डोळ्यांनी बघितलं होतं, तीही त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने साहेबांना म्हणाली, जरा बाहेर जाता का?

"बघ," मी म्हटलं. "इतकं माणूस भुलतं."

"भुलण्याचं काय त्यात? बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "तूही जरा बाहेर जा. माझं गुडघ्याचं अर्धं राहिलंय."

मी बाहेर जाऊन पेंटियमसमोर बसलो. आणि तिथे मला सुचलं, की ही भांडणं एका झटक्यात मिटतील. मिनिमलिझम, जुनं यंत्र आणि एआय, तिन्ही एकत्र. हे काही वेडगळ स्वप्न नाही. २०२४ च्या डिसेंबरात एक्सो लॅब्जच्या लोकांनी १२८ एमबी रॅमच्या पेंटियम-२ वर, विंडोज ९८ मध्ये, भाषेचं मॉडेल चालवून दाखवलंय. त्यासाठी त्यांनी आधार घेतला आंद्रे कारपथी यांच्या सी भाषेतल्या प्रोग्रामचा. मूळ प्रोग्राम जेमतेम सातशे ओळींचा. गंमत बघा, 'व्हाइब कोडिंग' हा शब्द २०२५ मध्ये रूढ करणारेही हेच कारपथी. कोड आहे हेच विसरून जा म्हणणारा माणूस स्वतः मात्र सातशे ओळीत आटोपतो. आमच्या पंथाचाच, फक्त बाहेर कबूल करत नाही.

मॉडेलही लहान. दोन लाख साठ हजार आकडे, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एक एमबीच्या जरा वर. एका फ्लॉपीत मावतं! या विचाराने मला रात्री झोप आली नाही. पहिली फ्लॉपी खराब निघाली. दुसरीत १९९८ सालची कुणाची तरी लग्नपत्रिका होती, तीही अशा फॉन्टमध्ये, की गणपतीच्या जागी नुसते स्वल्पविराम आणि डॉलर दिसत होते. तिसरी लागली.

रविवारी सकाळी सगळ्यांना गोळा केलं. फ्लॉपीने करकर केली, पडद्यावर अक्षरं उमटू लागली. आईला म्हटलं, "विचार काहीही."

"आज भाजी काय करू, विचार."

या मॉडेलला मराठी येत नाही, म्हणून मी इंग्रजीत टाइप केलं. उत्तर भराभर आलं. पेंटियमच्या मानाने इतकं भराभर, की मला भरून आलं.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. इतक्या लहान मॉडेलला फक्त लहान मुलांच्या गोष्टींवर शिकवलेलं असतं.

"लिली नावाची एक मुलगी होती, म्हणतोय. ती बागेत गेली."

"मंडईत जायला हवं होतं. पुढे?"

"तिला एक मोठी लाल गोल वस्तू दिसली."

"टोमॅटो," मुलगा म्हणाला.

"टोमॅटो महाग झालेत," बायको म्हणाली. "मेथी बघ म्हणावं."

मी मेथी टाइप केलं. लिलीला खूप आनंद झाला आणि ती तिच्या मित्राबरोबर खेळायला गेली.

"बघ, ही पण खेळायलाच गेली," आई म्हणाली.

बायकोने दाराच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"लिलीला वेळ लागेल. तूच जा. आणि येताना एक लिंबू."